कामगारांची आधार कार्डं पोरांच्या जीमेलमध्ये: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात एका ताईंचं पीएफ, ईएसआय आणि पगारपत्रकांचं काम करणारं ऑफिस आहे. सात माणसं. गिऱ्हाइकांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल कारखाने, दोन-तीन युनिफॉर्मवाले आणि एक विडी कारखाना. ऑफिसचं स्वतःचं क्लाउड खातं नाही, प्रत्येक जण आपापल्या जीमेलच्या ड्राइव्हवर फायली ठेवतो. दिवाळीनंतर एक मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला आणि पगारपत्रकांच्या बऱ्याच शीट त्याच्याच नावावर राहिल्या. त्यातच एका निर्यातदार गिऱ्हाइकाने तीन पानांची प्रश्नावली पाठवली आहे: आमच्या कामगारांची माहिती तुम्ही कुठे ठेवता, कोण बघतं, कधी पुसता? ताई विचारतात, हे बेकायदा आहे का, दंड होईल का, गेलेल्या मुलाकडच्या फायलींचं काय, आणि प्रश्नावलीत लिहू तरी काय?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. कर्मचाऱ्याने स्वतःच्या जीमेलवर ऑफिसचं काम करू नये, असं वाक्य कुठल्या कायद्यात नाही. त्यामुळे ‘बेकायदा’ हा शब्द जसाच्या तसा बसत नाही. पण कोण काय बघू शकतं हे ठरवणं, त्याची नोंद ठेवणं, काम संपलं की माहिती पुसणं, काही गडबड झाली तर वेळेत कळवणं, हे सगळं कायदा मागतो आणि त्या खात्यांवर यातलं काहीच तुमच्या हातात नाही. म्हणून हे असंच चालू ठेवता येणार नाही. बदलायला मात्र तुम्हाला वाटतोय तेवढा खर्च येत नाही.

सतरा वर्षं मी या भागात माहिती सुरक्षेची तपासणी करतोय. पतसंस्था, नर्सिंग होम, सीएंची ऑफिसं, गारमेंटवाले, सगळीकडे मालकांचा पहिला प्रश्न एकच असतो: गुगल सुरक्षित आहे ना? आहे. तुमच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जास्त आहे. अडचण दुसरीच आहे. खातं त्या मुलाच्या नावावर आहे, गुगलच्या अटी मान्य केल्या त्या त्याने. उद्या तुम्ही गुगलला कळवलंत की या ड्राइव्हमधली अमुक शीट आमची आहे, आम्हाला द्या, तर त्यांच्या लेखी तुम्ही कोणीच नाही. पीक तुमचं आणि सातबारा दुसऱ्याचा, अशी ही गत आहे.

आता कायदा. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. लागू होणं टप्प्याटप्प्याने आहे: डेटा प्रोटेक्शन बोर्ड, म्हणजे चूक तपासून दंड ठरवणारं मंडळ, त्याबद्दलच्या तरतुदी लगेच, आणि तुम्हाला लागणाऱ्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. ‘मग अजून वेळ आहे’ असं कृपा करून म्हणू नका. तोपर्यंत आयटी कायद्याचं कलम ४३अ उभं आहेच. त्याखालचे २०११ चे नियम बँक खात्याचा तपशील, पासवर्ड, वैद्यकीय नोंदी, बोटांचे ठसे यांना संवेदनशील माहिती म्हणतात. ती सांभाळण्यात हलगर्जीपणा झाला आणि कोणाचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. हे फक्त कंपन्यांना नाही, भागीदारी फर्म आणि एकट्या मालकाच्या व्यवसायालाही लागू आहे.

नव्या कायद्यात तुमची जागा नेमकी कुठे, हे नीट समजून घ्या, कारण प्रश्नावलीचं मूळ तिथे आहे. कामगारांची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे कारखाना ठरवतो, म्हणून कारखाना हा ‘डेटा फिड्युशिअरी’. तुम्ही त्याच्या वतीने काम करता, म्हणून तुम्ही ‘डेटा प्रोसेसर’. कलम ८ सांगतं की आपसातल्या करारात काहीही लिहिलेलं असो, प्रोसेसरने केलेल्या कामाचीही जबाबदारी फिड्युशिअरीवरच येते, आणि प्रोसेसरला काम द्यायचं तर वैध करार करूनच. म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या पोराने चुकून एक लिंक उघडी ठेवली तर बोर्डापुढे टॉवेल कारखान्याचे मालक उभे राहणार. त्यांनी प्रश्नावली पाठवली हे बरंच केलं म्हणायचं. तुमच्या स्वतःच्या सात माणसांच्या माहितीपुरत्या मात्र फिड्युशिअरी तुम्हीच.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. कायद्यातून वैयक्तिक आणि घरगुती कामासाठी केलेला वापर वगळला आहे, हे खरं. त्यावरून काही जण म्हणतात, खातं खासगी आहे ना, मग कायदा लागूच होत नाही. तसं नाही. सूट कामाच्या हेतूला आहे, खात्याच्या प्रकाराला नाही. खासगी जीमेलवर कारखान्याचं पगारपत्रक ठेवलं तर ते घरगुती काम होत नाही. दुसरा गैरसमज लहान धंद्यांचा. किती उलाढाल किंवा किती माणसं असली की कायदा लागू, अशी खालची मर्यादा या कायद्यात नाही. काही वर्गांना काही कलमांतून सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे, पण त्या यादीत माहिती सुरक्षित ठेवण्याचं कलम नाहीच. ते सगळ्यांना लागणार.

दंडाबद्दल विचारलंत. सुरक्षेचे वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, आणि माहितीला धक्का लागल्याचं न कळवल्यास २०० कोटींपर्यंत. हे आकडे दाखवून तुम्हाला सॉफ्टवेअर विकायला लोक येतील. घाबरू नका. या वरच्या मर्यादा आहेत. दंड ठरवताना चूक किती गंभीर होती, किती काळ चालली, पुन्हा झाली का, नुकसान आवरायला तुम्ही काय केलं, हे बोर्डाने बघायचं आहे. सात माणसांच्या ऑफिसवर खरा वार होतो तो गिऱ्हाईक तुटण्याचा. निर्यातदार गेला की त्याच्या ओळखीचे आणखी दोघं जातात, आणि आपल्या गावात ही गोष्ट चाटी गल्लीपासून जुळे सोलापूरपर्यंत पोचायला आठवडा लागत नाही.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ‘डेटा ब्रीच’ची व्याख्या. लोकांना वाटतं ब्रीच म्हणजे हॅकर आला आणि माहिती चोरून गेला. कायद्याची व्याख्या त्याहून बरीच रुंद आहे. चुकून उघड होणं, परवानगी नसताना वापरली जाणं, बदलली जाणं, नष्ट होणं, आणि माहितीपर्यंत पोचताच न येणं, हेही त्यात येतं. तुमच्या गेलेल्या मुलाच्या शीट उघडायला गेल्यावर ‘परवानगी मागा’ अशी पाटी येत असेल, तर नव्या कायद्याच्या भाषेत ती नुसती गैरसोय उरत नाही. मी हे होताना पाहिलंय. एका ऑफिसात महिन्याची चौदा तारीख होती, पीएफचा भरणा पंधराला. साडेतीनशे कामगारांची हजेरीची शीट नोकरी सोडलेल्या मुलाच्या नावावर, त्याने नंबर बदललेला. शेवटी कारखान्याच्या हजेरी रजिस्टरवरून रात्रभर बसून चौघांनी शीट पुन्हा भरली. कोणाचा वाईट हेतू नव्हता. मुलाने घरी ड्राइव्ह भरला म्हणून जुनं साफ करताना सगळ्यांची परवानगी काढून टाकली होती, एवढंच. फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. ते भरले की माणूस साफसफाई करतोच.

आता फोटोंबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही आणि धोका सर्वांत जास्त तिथेच आहे.

होटगी रस्त्याकडच्या एका ऑफिसात तपासणीला गेलो होतो. तिथल्या मुलीने मोकळेपणाने फोन पुढे केला. गुगल फोटोज उघडलं. वर तिच्या भाच्याच्या बारशाचे फोटो, पाळण्याला लावलेल्या झेंडूच्या माळा. जरा खाली सरकवलं तर पासबुकं. एकामागून एक. विडी कामगार बायकांनी हातात धरून काढलेले फोटो. एका फोटोच्या कोपऱ्यात बाईचा अंगठा आलेला, नखाच्या कडेला तंबाखूचा तपकिरी डाग. अंगठ्याच्या वर खाते क्रमांक आणि आयएफएससी. पुढच्या फोटोत तिचं आधार, दोन्ही बाजू. त्याच्या पुढे वारसदार म्हणून नाव लावायच्या मुलीचं आधार, मुलगी असेल दहा-अकरा वर्षांची. ठेकेदार व्हॉट्सॲपवर पाठवायचा, फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या चित्रांचा बॅकअप चालू, त्यामुळे सगळं आपोआप तिच्या खासगी खात्यात. त्याच खात्यावर घरातला टीव्ही जोडलेला होता. टीव्ही रिकामा असला की त्यावर फोटो फिरत राहायचे. तिच्या सासूबाईंनी एकदा विचारलंही होतं, या कोणाच्या बायका गं? ती मुलगी मला हे सांगताना रडकुंडीला आली. तिची चूक काय होती? ऑफिसने तिला कागद ठेवायला दुसरी जागाच दिली नव्हती.

म्हणून पहिली विनंती ही की ऑफिसात ओरडाआरडा करू नका. पोरांनी स्वतःचं खातं वापरलं कारण काम अडू नये असं त्यांना वाटलं. एक दिवस सगळ्यांना बसवा आणि सांगा, कोणाला शिक्षा नाही, पण कोणाच्या फोनमध्ये, ड्राइव्हवर, पेनड्राइव्हवर काय आहे ते प्रत्येकाने लिहून द्यायचं. भीती घातलीत तर लोक लपवतील, आणि लपवलेलं तुम्हाला पुसता येत नाही.

त्या यादीत व्हॉट्सॲपचा बॅकअपही धरा. अँड्रॉइडवर चॅटचा बॅकअप त्या माणसाच्या गुगल खात्यात जातो, आणि एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही असा कुलूपबंद, बॅकअप वेगळा चालू केल्याशिवाय त्याला चॅटसारखं संरक्षण नसतं. ठेकेदारांना कागद पाठवण्यासाठी ऑफिसच्या नंबरचा एकच फोन ठेवा, फोनवर ऑफिसचंच खातं लावा, फोटोंचा बॅकअप बंद करा. कागद आला की त्याच दिवशी ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकून फोनवरून काढायचा. कंटाळवाणं काम आहे, पण एकाच माणसाच्या अंगावर टाकलंत तर होतं.

यादीत आणखी एक गोष्ट येणार नाही, ती तुम्हीच विचारा: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये कोण कोणाच्या खात्याने लॉगिन आहे? खासगी खात्याने लॉगिन असेल तर ‘पासवर्ड सेव्ह करू का’ला हो म्हटल्याबरोबर ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) पोर्टलचा कारखान्याचा पासवर्ड त्या माणसाच्या खासगी गुगल खात्यात जातो, आणि तिथून त्याच्या घरच्या लॅपटॉपवर, जुन्या फोनवर. ही काल्पनिक भीती नाही. २०२२ मध्ये सिस्कोमध्ये घुसखोरी झाली ती अशाच वाटेने: एका कर्मचाऱ्याचं खासगी गुगल खातं हल्लेखोरांच्या हाती लागलं, आणि ब्राउझरने कंपनीचे पासवर्ड त्या खात्यात नेऊन ठेवले होते. २०२३ मध्ये ऑक्टा या, लॉगिन सांभाळण्याचाच धंदा असलेल्या कंपनीत, कंपनीच्या लॅपटॉपवर कर्मचाऱ्याने खासगी गुगल खातं उघडलं होतं, त्यात एका सर्व्हिस खात्याचा (माणसाचं नसलेल्या, यंत्रणेच्या कामाच्या खात्याचा) पासवर्ड सेव्ह झाला, आणि १३४ ग्राहकांच्या फायलींपर्यंत बाहेरचा माणूस पोचला. या कंपन्यांकडे सुरक्षेवर काम करणारे स्वतंत्र विभाग आहेत. आपल्याकडे ते काम करायला दुसरं कोणी नाही, म्हणून ब्राउझरची ही सवय आजच मोडा. ऑफिसच्या मशीनवर ऑफिसचंच प्रोफाइल, आणि पोर्टलचे पासवर्ड खातं बदलल्यावर एकदा सगळे नव्याने.

आता गेलेला मुलगा. मालक मंडळी मला नेहमी विचारतात, त्याच्या जीमेलचा पासवर्ड मागून घेऊ का? कोणी तर म्हणतात, त्याचा पासवर्ड आमच्या मशीनवर सेव्ह आहे, उघडूनच बघतो. अजिबात नको. त्याच्या खात्यात त्याच्या घरच्यांचे फोटो आहेत, बँकेचे मेल आहेत, दवाखान्याचे रिपोर्ट आहेत. परवानगीशिवाय आत शिरलात तर आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ तुमच्यावर येतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कामगारांची खासगी माहिती जपायला निघालेल्या माणसाने आपल्याच जुन्या कर्मचाऱ्याची खासगी माहिती उघडून बघावी, हे मला पटत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. तो हक्क विडी वळणाऱ्या बाईचा आहे तसाच त्या मुलाचाही आहे.

त्याला फोन करा. पगार किंवा अनुभवाचं पत्र अडवून ठेवलं असेल तर आधी ते द्या. मग त्याच्या सोयीने व्हिडिओ कॉलवर बसा. खासगी खात्यातल्या फाईलची मालकी ऑफिसच्या कंपनी खात्याकडे सरळ देता येत नाही, त्यामुळे त्याने त्या फायली डाउनलोड करून ऑफिसने दिलेल्या फोल्डरमध्ये चढवायच्या. तुम्ही उघडून, बेरजा जुळवून खात्री करा. मग त्याने आपल्याकडच्या पुसायच्या, आणि ड्राइव्हचा ट्रॅशही रिकामा करायचा, नाहीतर तिथे फायली ३० दिवस पडून राहतात. गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात, तोही रिकामा करायला सांगा. शेवटी दोन ओळींचा मेल: अमुक तारखेला अमुक फायली परत दिल्या, माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. एवढं पुरे. तो मेल जपून ठेवा, प्रश्नावलीत उपयोगी पडेल. फार दिवस थांबू नका. गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती पुसून टाकू शकतं, आणि पोरं नवीन खातं काढून जुनं विसरतात.

त्याआधी, आज संध्याकाळपर्यंत करण्यासारखं एक काम आहे: उघड्या लिंका. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असा पर्याय ठेवून पाठवलेली प्रत्येक शीट ही चौकातल्या फळ्यावर लावल्यासारखी असते, फक्त चौक कुठला ते कोणाला माहीत नाही एवढंच. ठेकेदाराने ती लिंक ग्रुपवर टाकली की संपलं. प्रत्येकाला जुन्या लिंका शोधून खासगी विंडोमध्ये उघडायला लावा. लॉगिन न करता शीट दिसली तर ती उघडी आहे. ताबडतोब बंद करा आणि नावानिशी मेल पत्त्यांना परवानगी द्या.

नवीन जागा कुठली घ्यायची? मी एका कंपनीचं नाव सुचवत नाही. गुगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो, तिघांकडेही व्यवसायाचं खातं मिळतं, माणशी महिन्याला काहीशे रुपयांपासून. ऑफिसच्या नावाचं डोमेन लागेल. घेताना बघायचं ते इतकंच: फोल्डरची मालकी ऑफिसची राहते का, म्हणजे गुगलच्या भाषेत शेअर्ड ड्राइव्ह आहे का, कोणी कधी काय उघडलं याची नोंद मिळते का, आणि माणूस गेला की त्याचं खातं एका क्लिकने बंद करून फायली ठेवता येतात का. नियमांत नोंदी किमान वर्षभर ठेवायला सांगितल्या आहेत, खासगी ड्राइव्हवर कोणी फाईल नुसती उघडून बघितली याची अशी नोंद तुम्हाला मिळत नाही. व्यवसायाच्या खात्याबरोबर माहिती हाताळण्याचा लेखी करारही येतो. कारखाना, तुम्ही आणि क्लाउड कंपनी अशी कराराची साखळी त्यानेच पूर्ण होते. पैसे वाचवायला सात जणांत एकच लॉगिन वापरू नका, मग नोंदीला काही अर्थच राहत नाही. आणि प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरची आणखी एक खात्री, सक्तीचं.

सगळ्यांना सगळं दिसायची गरज नसते. विडी कारखान्याचं काम बघणाऱ्या दोघांना टॉवेलवाल्यांचे पगार कशाला दिसायला हवेत? गिऱ्हाईकनिहाय फोल्डर, त्यावर दोन-तीन नावं, बास.

सर्व्हर परदेशात असला तर चालेल का, हेही लोक विचारतात. नव्या कायद्यात, सरकार ज्या देशांवर बंदी घालेल ते सोडून, माहिती बाहेर नेता येते. मात्र तुमचं एखादं गिऱ्हाईक कंपनी असेल आणि त्याची हिशेबाची पुस्तकं तुम्ही इलेक्ट्रॉनिक ठेवत असाल, तर त्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. तो कंपनी कायद्याचा नियम आहे. जीडीपीआरचं नाव प्रश्नावलीत असेल तर बिचकू नका. तो युरोपीय संघाचा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू. सोलापुरातल्या कारखान्याच्या सोलापुरातल्या कामगारांचं पगारपत्रक सहसा त्याच्या कक्षेत येत नाही. निर्यातदार युरोपातल्या घरगुती गिऱ्हाइकांना थेट टॉवेल विकत असेल आणि त्यांची नावं-पत्ते तुमच्याकडे देत असेल, तर मात्र वेगळं बोलावं लागेल.

पुसण्याचा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात. काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल तर माहिती पुसायची, असं कलम ८ म्हणतं. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, कंपन्यांची हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं, ती ठेवाच. पण यूएएनला, म्हणजे कामगाराच्या पीएफ क्रमांकाला, आधार जोडून झाल्यावर त्या बाईच्या आधारची रंगीत प्रत तुमच्याकडे कशासाठी? प्रत हवीच असेल तर मास्क्ड आधार ठेवा, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. जी माहिती तुमच्याकडे नाही ती तुमच्याकडून फुटत नाही. वर्षातून एकदा, जानेवारीतल्या गड्डा यात्रेनंतर कामाला जरा उसंत मिळते तेव्हा, फोल्डर चाळून काढायचा दिवस ठरवून टाका.

कामगारांची संमती घ्यायची का? नोकरीच्या कामापुरती माहिती वापरायला कायद्यात संमतीशिवाय वाट आहे, त्यामुळे पीएफसाठी प्रत्येकीचा अंगठा पुन्हा घ्यायला नको. पण विमा, कर्ज, घरकुल अशा दुसऱ्या कामाला तीच कागदपत्रं वापरणार असाल, तर आधी विचारावं लागेल. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी, तेलुगू आणि कन्नड तिन्ही त्यात आहेत. आपल्या विडी कामगारांत तेलुगू बोलणाऱ्या बायका किती आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. नुसत्या मराठी फॉर्मवर अंगठा घेतला आणि तिला काय लिहिलंय ते कळलंच नाही, तर त्या संमतीत जीव नाही.

काही बिघडलंच तर कोणी काय करायचं ते कागदावर आधी लिहून भिंतीला लावा. नव्या नियमांत कारखान्याने बोर्डाला आणि ज्यांची माहिती आहे त्या माणसांना विनाविलंब कळवायचं आहे, आणि बोर्डाला सविस्तर तपशील ७२ तासांत. ब्रीच लहानसं आहे म्हणून न कळवण्याची सवलत नाही. त्याशिवाय सीईआरटी-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार त्यात दिलेल्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या असतात, तो आदेश आजही लागू आहे. तुमच्याकडून कारखान्याला फोन त्याच तासात गेला पाहिजे, कारण त्यांचं घड्याळ तुम्ही सांगितलंत तेव्हापासून नव्हे, तर तुम्हाला गडबड कळली तेव्हापासूनच चालू झालं असं कोणी म्हणू शकतं.

आता प्रश्नावली. खोटं लिहू नका. ‘आम्ही सुरक्षित क्लाउड वापरतो’ असं गुळगुळीत वाक्य टाकलंत आणि उद्या त्यांचा ऑडिटर ऑफिसात येऊन बसला, तर दोन मिनिटांत उघडं पडेल. मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं:

‘आतापर्यंत आपल्या कामगारांची माहिती आमच्या कर्मचाऱ्यांच्या खासगी क्लाउड खात्यांवरही ठेवली जात होती. हे आम्ही तपासणीत शोधलं असून सर्व उघड्या लिंका अमुक तारखेला बंद केल्या आहेत. माहिती ऑफिसच्या मालकीच्या खात्यावर हलवण्याचं काम अमुक तारखेपर्यंत पूर्ण होईल. आपल्या फोल्डरवर पुढील तिघांनाच प्रवेश आहे. एका माजी कर्मचाऱ्याकडील फायली परत घेऊन पुसल्याची लेखी नोंद सोबत जोडली आहे. हलवण्याचं काम पूर्ण झाल्यावर तसं पत्र पाठवू.’

तारखा खऱ्या टाका, आणि ज्या पाळता येतील अशाच. माझा अनुभव असा की असं उत्तर आल्यावर गिऱ्हाईक जात नाही, उलट पुढचा करार करायला बसतं. त्या कराराचा मसुदा आला की दोन कलमं नीट वाचा. एकात तुम्ही त्यांना किती तासांत कळवायचं ते असेल. चोवीस तास मागितले तर द्या, तुम्ही तसंही त्याच तासात फोन करणार आहात. दुसऱ्यात नुकसानभरपाईची जबाबदारी असेल, आणि बहुतेक वेळा तिला वरची मर्यादाच लिहिलेली नसते. तिथे सही करण्याआधी वकिलांना दाखवा आणि रकमेची मर्यादा घालून घ्या, वर्षभराच्या तुमच्या फीच्या हिशेबात बसेल एवढीच.